मावंद्याला काय सांगू?

कोलकात्यात एकच मोकळा दिवस मिळणार असेल तर काय बघावं? माझं उत्तर ठरलेलं होतं. एक भाग निवडावा, तिथं पायी हिंडावं, बाकीच्या शहराला लांबूनच रामराम करावा. आत्याचंही ठरलेलं होतं, आणि तिनं ते कागदावर उतरवून आणलं होतं: दक्षिणेश्वर, बेलूर मठ, हावडा ब्रिज, व्हिक्टोरिया, कालीघाट. त्याखाली बारीक अक्षरात, ‘जमल्यास रवींद्रनाथांचं घर’. डिसेंबरात माझं ऑफिसचं काम तिकडे निघालं होतं आणि ती सोबत यायची होती.

“आत्या, ही यादी नाही, हजेरीपट आहे.”

“मग लावू हजेरी. शाळेत हजेरी झाल्यावरच वर्ग सुरू व्हायचा ना?”

“पण यातलं तुझ्या लक्षात काय राहणार? टॅक्सीची काच.”

“माझ्या लक्षात काय राहावं ते तू नको ठरवूस. तुझं काय ते सांग.”

मी बागबाजार सांगितलं. उत्तर कोलकात्यातले जुने वाडे, हुगळीचे घाट, जवळच कुमारटुली, जिथं गवताच्या सांगाड्यावर माती चढवून मूर्ती घडवतात. सकाळी जायचं, सावकाश हिंडायचं. एक तरी गोष्ट नीट बघून होईल.

“आणि बाकीच्या?”

“पुढच्या वेळी. शहर कुठं पळून जातंय?”

“शहर नाही जात रे, गुडघे चाललेत माझे. तुला तुझी कंपनी पुन्हा पाठवेल, मला कोण पाठवणार? ‘एकच बघ, पण नीट बघ’ हे परत येणाऱ्यांचं शहाणपण आहे.”

इथं वाद अडला तो अडलाच. मी पुढे सरकायला बघितलं की ती मला ओढून परत इथंच आणायची. परत येऊ तेव्हा तुला घेऊन येईन, म्हणालो. ती नुसती हसली. मी म्हटलं, जगातलं सगळं असंही कुणाचं बघून होत नाही, मग पाच काय आणि एक काय?

“असं कसं? सगळं जेवता येत नाही म्हणून कुणी नुसत्या वरणावर उठतं का? माझी आजी काशीला गेली, आयुष्यात एकदाच. आल्यावर गावाला मावंदं घातलं. लोक जेवायला आले तसे ऐकायलाही आले. गंगा केवढी आहे, विश्वेश्वराचा गाभारा कसा आहे. जे कधी जाणार नव्हते त्यांच्यासाठीही ती बघून आली होती. मी मावंद्याला काय सांगू? भाच्यानं मला एका गल्लीत हिंडवलं?”

“म्हणजे लोकांना सांगण्यासाठी बघायचं?”

“आणि तू त्या गल्लीवर लेख लिहिणार नाहीस?”

यावर मला काही सुचलं नाही. म्हणून मी खोलीचा मुद्दा काढला. आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांना तो सोयीचा असतो, कारण तो मोजता येत नाही. पाच ठिकाणं धावत बघितली की ती वरवरची होतात, म्हणालो. एकाच ठिकाणी थांबलं की शहर आपल्याशी बोलायला लागतं.

“तीन तासांत? त्या गल्लीत जन्म काढलेल्या बायकांना विचार शहर त्यांच्याशी काय बोललं ते. तीन तासांत तुझंही वरवरचंच आणि माझंही. तू फक्त सावकाश चालतोस.”

“निदान मी बघतो ते पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेलं नसतं.”

“व्हिक्टोरियाचं म्हणत असशील तर कबूल, तो संगमरवर दाखवायलाच बांधलाय. पण कालीघाटची गर्दी काय माझ्यासाठी जमवलेली असते? राणी रासमणीनं 1855 साली दक्षिणेश्वर बांधलं ते पर्यटनाला का? तुझ्या गल्लीइतकंच तेही तिथल्या माणसांचं आहे.”

मग मला खरं कारण सांगावं लागलं. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. 1742 साली नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करराम कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालात शिरली, तेव्हा धास्तावलेल्या कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. साधारण तीन मैल झाला आणि मराठे काही तिथवर आले नाहीत, म्हणून काम तसंच राहिलं. 1799 मध्ये त्याचा मोठा भाग बुजवून सर्क्युलर रोड केला. आज त्याच रस्त्याला आचार्य प्रफुल्लचंद्र आणि आचार्य जगदीशचंद्र बोस यांची नावं आहेत.

आत्यानं चष्मा काढला. “म्हणजे जिथं आपली माणसं पोचलीच नाहीत, तिथं त्यांच्या भीतीनं अर्धवट खणलेला आणि आता नसलेला खंदक बघायला मी काली सोडू?”

अशा शब्दांत मांडलं की कुठलंही इतिहासप्रेम वेड्यासारखंच दिसतं. तरी मी सोडलं नाही. 1751 च्या तहात बंगालच्या नवाब अलिवर्दीखानानं वर्षाला 12 लाखांची चौथाई कबूल केली आणि स्वाऱ्या थांबल्या, पण बंगाली अंगाईत ते मराठे घोडेस्वार, बर्गी, अजून येतात. “बर्गी म्हणजे तरी कोण, आत्या? घोड्यावरून यायचं, थोड्या वेळात जास्तीत जास्त पदरात पाडायचं आणि निघायचं. तुझी यादी काय वेगळी आहे?”

“ते लुटायला गेले होते. मी नमस्काराला चाललेय. घाई दोघांनाही आहे म्हणून आम्ही सारखे झालो?”

शेवटचा बाण म्हणून मी सखाराम गणेश देऊस्करांचं नाव काढलं. मराठी घराणं, जन्म देवघरजवळचा, लिहिलं बंगालीत. 1904 सालचं त्यांचं ‘देशेर कथा’ इतकं झोंबलं की इंग्रज सरकारनं पुढे त्यावर बंदी घातली. राहणाऱ्यालाच मुलूख आपला म्हणतो, असं मी म्हणालो.

“मग राहा ना तिथं! एका दिवसाच्या तिकिटावर देऊस्करांचं नाव कशाला खपवतोस?”

वाद मिटला नाही. नकाशा उघडल्यावर तो निम्मा उरला इतकंच. दक्षिणेश्वर, बागबाजारसाठी श्यामबाजार, कुमारटुलीसाठी शोभाबाजार, रवींद्रनाथांच्या ठाकूरवाडीसाठी गिरीश पार्क आणि शेवटी कालीघाट, ही सगळी एकाच मेट्रोच्या मार्गावरची स्टेशनं आहेत. बेलूरला दक्षिणेश्वराहून होडी जाते. व्हिक्टोरिया यादीतून गळलं ते माझ्या बोलण्यानं नव्हे, आमचा मोकळा दिवस सोमवार होता म्हणून. आत्यानं त्यावर काट मारली आणि तिथं माझी गल्ली लिहिली, तीही ‘जमल्यास’च्या खाली.

खोल की भरपूर, हे तुमचं तुम्ही ठरवा. पण जाणार असाल तर सोमवार टाळा. व्हिक्टोरियाची दालनं आणि इंडियन म्युझियम दोन्ही त्या दिवशी बंद असतात. देवळं दुपारी काही तास मिटतात. आणि डिसेंबरात तिथं सूर्य मुंबईपेक्षा तासभर आधी, पाचच्या सुमारास मावळतो, तेव्हा यादी केवढीही असो, सकाळी सहाला बाहेर पडा.