न शिकवलेला ईश्वर

मुळशी तालुका हिंजवडी, माण, मारुंजी या गावांपाशी सुरू होतो आणि विंझाईचे ठाणे असलेल्या ताम्हिणीच्या घाटमाथ्याकडे पसरत जातो. महसुली दफ्तरात हा तालुका एकच असला, तरी त्याच्या दोन टोकांना वाढणारी मुले दोन निराळ्या युगांत वाढत आहेत असे वाटावे, इतके त्यांच्या घरांतील वातावरण भिन्न आहे. हिंजवडीच्या संगणक-उद्योगाभोवती उभ्या राहिलेल्या बहुमजली वसाहतींत अशी काही सुशिक्षित दांपत्ये राहतात, की ज्यांनी आपल्या अपत्यांना कोणताही धर्म शिकवायचा नाही असे विचारपूर्वक ठरवले आहे. त्यांच्या घरात देव्हारा नाही, शुभंकरोति नाही, मुंज नाही, कुलदैवताची यात्रा नाही. धर्म हा मोठ्या माणसांनी बालमनावर उमटवलेला शिक्का आहे, तो उमटवलाच नाही तर मूल स्वभावतःच नास्तिक होईल, अशी त्यांची श्रद्धा आहे. या पालकांच्या प्रामाणिकपणाविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु त्यांचे हे अनुमान मला अपुरे वाटते, आणि ज्या अर्थी त्यावर एका पिढीचे संगोपन आधारलेले आहे, त्या अर्थी ते तपासून पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम प्रश्न असा, की ज्याला आपण धर्मशिक्षण म्हणतो ते घाटमाथ्यावरच्या मुलाला तरी कोणी दिलेले असते काय? राज्याच्या निधीवर पूर्णतः चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असा राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदाचा दंडक आहे, त्यामुळे जिल्हा परिषदेच्या शाळेत ते मिळत नाही. आणि घरी प्रश्नोत्तरांची पोथी घेऊन ईश्वराचे स्वरूप समजावून सांगणारा बाप या डोंगरात मिळणे कठीण. तेथे मुलाला सिद्धान्त भेटत नाही, वहिवाट भेटते. देवराईतले लाकूड, ते वाळून खाली पडलेले असले तरी, घरी न्यायचे नाही. जत्रेच्या दिवशी पाहुण्यांना जेवू घालायचे. सप्ताहात विण्याजवळ पहारा द्यायचा. भात लावण्यापूर्वी आणि कापण्यापूर्वी कोणाला काय द्यायचे ते द्यायचे. निषेध आणि नेम हे आधी येतात, त्यांचे कारण पुष्कळ मागाहून येते, आणि अनेकदा येतही नाही. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७०च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा जो अभ्यास केला, त्यातून हेच दिसले, की धर्मग्रंथाचा आधार नसलेल्या या मर्यादांनी पिढ्यानुपिढ्या रानाचे मोठमोठे तुकडे अबाधित राखले होते. जे शिकवलेच जात नाही, ते शिकवणे थांबवल्याने नाहीसे कसे होणार? माणच्या आठव्या मजल्यावरील मुलालाही ते चुकत नाही. वसाहतीचा गणपती आहे, मित्राच्या घरची सत्यनारायणाची पूजा आहे, आजोळची दिवाळी आहे, आणि शाळेच्या दाखल्यात ‘धर्म’ नावाचा रकाना तर त्याने पहिला प्रश्न विचारण्यापूर्वीच भरला गेलेला आहे.

दुसरी गोष्ट बालबुद्धीच्या घडणीची. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी बालकांच्या विश्वकल्पनेवरील आपला ग्रंथ १९२६ साली प्रसिद्ध केला, त्यात जिनिव्हाच्या लहान मुलांची उत्तरे नोंदवलेली आहेत. तेथील सरोवर कसे झाले असे विचारता, ते माणसांनी खणले, असे कित्येक मुलांनी निःशंकपणे सांगितले. प्रत्येक वस्तू कोणीतरी आणि कशासाठी तरी केलेली असते, असा बालमनाचा कल असतो, हा पियाजेंचा निष्कर्ष. आता हाच प्रश्न मुळशीच्या मुलाला विचारला तर तेही तेच उत्तर देईल, आणि विलक्षण गोष्ट ही, की त्याचे उत्तर बरोबर असेल. मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीने बांध घातला, भिऱ्याच्या वीजगृहासाठी पाणी अडवले, आणि पन्नासच्या आसपास गावांची शेते, घरे, स्मशाने व देवळे त्या पाण्याच्या मालकीची झाली. त्याविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला तो १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी. लढा जमिनीचा होता, कंपनीविरुद्ध होता, तरी आरंभाला रामजन्माचाच दिवस निवडला जावा, यात कोणाला काही नवल वाटले नाही. ज्या मुलाला तळ्याचा कर्ता ठाऊक आहे, ते मूल तळ्यामागच्या डोंगराचा कर्ता कोण, असे विचारणारच. हा प्रश्न त्याला कोणा पुरोहिताने शिकवलेला नसतो.

निरीश्वर पालकांच्या बाजूने एक पुरावा आहे, तो दडवणे योग्य होणार नाही. अमेरिकेत पॉल हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पाच-सहा वर्षांची जी मुले धार्मिक संस्कारांविना वाढत होती, ती चमत्काराच्या कथेतील नायकाला काल्पनिक म्हणून अधिक सहज ओळखत. अर्थात विशिष्ट कथांवरील विश्वास संस्काराने येतो, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु कथा नाकारणे आणि ईश्वर नाकारणे यांत अंतर आहे, आणि ते अंतर किती आहे हे सोव्हिएत रशियाने फार मोठी किंमत देऊन जगाला दाखवले. तेथे १९१८ मध्येच शाळा आणि चर्च यांची फारकत झाली. तरीही १९३७च्या जनगणनेत सोळा वर्षांवरील निम्म्याहून अधिक नागरिकांनी स्वतःला आस्तिक म्हणून नोंदवले, आणि ती जनगणनाच सरकारने दडपून टाकली. पूर्व जर्मनीत मात्र तशाच राजवटीनंतर, बंधने उठूनही, बहुसंख्य लोक देवाकडे परतले नाहीत. अध्यापन दोन्हीकडे थांबले होते. फळे निराळी आली, कारण त्याखालची भूमी निराळी होती.

आता आपल्याकडे पाहू. २०११च्या जनगणनेत स्वतःला नास्तिक म्हणवणारे सबंध भारतात सुमारे ३३,००० निघाले, त्यांपैकी साडेनऊ हजारांहून अधिक महाराष्ट्रातले. या लहानशा संख्येमागे मोठी परंपरा आहे. परंतु तिचे अध्वर्यू कोठून आले? टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर, ज्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला आणि ज्यांची प्रेतयात्रा सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच काढली. मुरूडच्या कर्व्यांचे रघुनाथराव, ज्यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. कोकणातल्या मुर्डीचे रँग्लर परांजपे: हे सर्व सोवळ्या-ओवळ्याच्या, व्रतवैकल्यांच्या जगातून निघाले. त्यांचा नास्तिकपणा हा निवाडा होता. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून, बहुधा रात्री जागून, त्यांनी तो दिला. ज्याच्यापुढे फिर्यादच आली नाही, त्याने निवाडा काय द्यायचा?

आणि खुद्द या निरीश्वरांच्या घरात वाढलेल्या मुलांचे काय झाले, याचे उत्तर शोधायला रशियापर्यंत जाण्याचे कारण नाही. पुण्यातच त्याचा इतिहास आहे. ब्रह्मदेशात जन्मलेली इरावती करमरकर सातव्या वर्षी हुजूरपागेत शिकायला आली आणि पुढे परांजप्यांच्या घरात, शकुंतलेबरोबर, त्यांची दुसरी लेक म्हणून वाढली. ज्या घराचा यजमान ईश्वर मानत नसे, त्या घरातून ती दिनकर धोंडो कर्वे या दुसऱ्या निरीश्वरवाद्याच्या घरात गेली. तर्काप्रमाणे पाहता हिच्या मनात पंढरपूरला जागाच नसावयास हवी होती. प्रत्यक्षात इरावतीबाई दिंडीबरोबर चालल्या, वारीच्या वाटेवर त्यांना महाराष्ट्राची ओळख पटली, आणि एकाच विठोबाचे नाव घेणारे ब्राह्मण व मराठे त्याच दिंडीत जेवायला निरनिराळे बसतात हे पाहून त्या व्यथित झाल्या. हे सारे त्यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदवले. विठ्ठलापुढे त्या नमत, ते श्रद्धेपेक्षा परंपरेविषयीच्या आदराने, असे त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. ‘युगान्त’मध्ये हीच दृष्टी आहे; महाभारतातील माणसांच्या भोवतीची दैवी प्रभावळ त्या बाजूला करतात, परंतु त्या माणसांचा हात सोडत नाहीत.

आगरकरांना हे साधले नसते, आणि त्यांनी ते साधावे अशी अपेक्षाही अन्यायाची ठरेल. ज्याला बेडी तोडायची आहे त्याला तिच्यावरचे नक्षीकाम पाहायला उसंत नसते. इरावतीबाईंना बेडी घातलीच गेली नव्हती, म्हणून त्यांच्या पाहण्यात वैर नाही. निरीश्वर संगोपनाचे खरे फळ मला येथे दिसते: देवाशी भांडण नसलेले, आणि म्हणून देव मानणाऱ्या माणसाकडे तुच्छतेवाचून पाहू शकणारे मन. परंतु हे फळ मौनाने आले नाही. परांजप्यांचे विचार लेखांतून आणि ग्रंथांतून जगजाहीर होते. त्या घरात विश्वासाचा अभाव लपवलेला नव्हता, तो सकारण मांडलेला होता.

माण-मारुंजीच्या पालकांची चूक होत असेल तर ती येथे होते. ते धर्म शिकवत नाहीत, आणि आपण तो का मानत नाही हेही शिकवत नाहीत. मधली जागा मोकळी सोडतात, आणि मोकळी जागा, देवस्थानच्या इनामाप्रमाणे, ज्याचा कबजा त्याची होते. चित्रवाणीवरच्या पौराणिक मालिका, भविष्य सांगणारे, एखादा तेजस्वी बाबा, नाहीतर ‘आपला धर्म संकटात आहे’ एवढेच सांगणारा एखादा जमाव, असे हक्कदार बाहेर पुष्कळ उभे आहेत. आणि धर्मातले काव्य व करुणा ज्याने कधी पाहिलीच नाही, अशा तरुणाला त्यातला द्वेष तेवढा विकणे या शेवटच्या हक्कदाराला फार सोपे जाते. या गोष्टीची मला मनापासून भीती वाटते.

म्हणून या मुलांना घेऊन आईबापांनी एकदा ताम्हिणीपर्यंत जावे, विंझाईच्या देवळात बसावे, आसपास एखादी देवराई राखलेली असेल तर तिच्या सावलीतून हिंडावे, आषाढात आळंदीपासून दोन मजला पालखीबरोबर चालावे. आणि त्याच दिवशी, मूल विचारील तेव्हा, ‘मी हे मानत नाही, आणि माझी कारणे ही आहेत’ असे त्याला न कचरता सांगावे. आजी नारळ का फोडते हे आजीला विचारू द्यावे, आणि ती सांगत असताना मध्ये बोलू नये. घाटमाथ्यावरच्या मुलालाही याच न्यायाने दुसरी बाजू ऐकण्याचा हक्क आहे. त्याच्या शाळेत पाऊस कसा पडतो, धरणाची वीज कशी होते, ताप कशाने येतो हे नीट शिकवले गेले, तर आगरकरांचा प्रश्न त्याच्यापर्यंत पोहोचायला वेगळा प्रचारक लागणार नाही. यातून माणचे एखादे मूल पुढे गळ्यात माळ घालील, आणि ताम्हिणीचे एखादे मूल देव्हारा बंद करील, हे संभवते. माळ घालणाऱ्या मुलाच्या निरीश्वर बापाला त्या दिवशी दुःख होईल. त्याने ते लपवू नये. पण वारीला निघालेल्या मुलाच्या पिशवीत एक जोड कपडे आणि पायाला लावायला मलम मात्र आठवणीने घालून द्यावे.