कठड्याला टेकलेल्याचा हिशेब

“तीनशे सोळा आणि तीनशे चार, मामा. स्टेनलेस स्टीलचे दोन ग्रेड, दिसायला एकसारखे. चुंबक लावूनही कळत नाही.”

“मगे फरक खंय आसा?”

“मॉलिब्डेनममध्ये. ३१६ मध्ये ते दोन-तीन टक्के असतं, ३०४ मध्ये नसतं. खाऱ्या हवेतलं क्लोराइड स्टीलवरच्या संरक्षक थराला बारीक बारीक खड्डे पाडतं. मॉलिब्डेनम असलं की ते बरंच रोखलं जातं.”

मामांनी मुंबईत गोदीत फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर ते मालवणला परतले. एरवी प्रमाण मराठी बोलतात, विषय मनाला लागला की मालवणीवर येतात. मी कुडाळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात खरेदी बघते. किनाऱ्यावरच्या हॉटेलांना आणि होमस्टेंना आम्ही जिने, कठडे, पाण्याच्या टाक्यांचे स्टँड करून देतो. या वेळच्या ड्रॉइंगवर प्रत्येक बोल्टसमोर ३१६ लिहिलं आहे. सप्लायर म्हणतो, ३०४ घ्या, दर चांगलाच उतरेल. वरच्यांना ते पटलंय. खरेदीच्या ऑर्डरवर, म्हणजे पीओवर, सही मात्र माझी.

मामांनी यादी मागितली, खिशातलं पेन काढलं आणि रेघा मारायला सुरुवात केली. रिसेप्शनमधली शेल्फं, स्टोअररूमचे रॅक, आतल्या जिन्याचा कठडा.

“इथे ३१६ कशाला? ड्रॉइंग काढणाऱ्याने आपली मान सोडवून घेतलीय. सगळीकडे भारीतलं लिहिलं की उद्या त्याला कोणी जाब विचारत नाही. पैसे मालकाचे जातात.”

“म्हणजे बचत करायची?”

“करायचीच गो. दुसऱ्याचे पैसे खर्चताना हात आखडताच हवा. पण ह्या बाल्कनीवर मी रेघ मारूचंय नाय. पर्यटक फोटो काढायला तिथे रेलणार, आणि समोर समुद्र.”

समुद्राचं नाव निघालं की मालवणात हल्ली बोलणं इथल्या राजकोट किल्ल्यावर पोचतंच. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते तिथे शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही पुरते झाले नव्हते. वारा ताशी ४५ किलोमीटरचा होता, असं सरकारकडून सांगण्यात आलं; आषाढ-श्रावणात आमच्या किनाऱ्याला ते नवीन नाही. चौकशीच्या अहवालात गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणं आल्याचं वर्तमानपत्रांनी छापलं. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. स्टेनलेस स्टील वापरलं असतं तर पुतळा पडला नसता, असं नितीन गडकरी त्यानंतर काही दिवसांतच म्हणाले.

मला त्या सगळ्यात २० ऑगस्टचं पत्र सगळ्यात जास्त लागतं. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मालवणच्या अभियंत्याने नौदलाच्या अधिकाऱ्याला लिहिलं होतं : नटबोल्ट गंजले आहेत, पुतळा विद्रूप दिसतोय, उपाययोजना करा. पत्रानंतर सहा दिवसांनी पुतळा पडला. म्हणजे गंज कोणाच्या तरी डोळ्यांना दिसला होता आणि कागदावरही उतरला होता.

“गंज डोळ्यांना दिसेपर्यंत थांबायचं नसतं,” मामा म्हणाले. “पितळ, कांसं, तांबं लोखंडाला लागून ठेव आणि वर खारं पाणी घाल. झिजतं कोण? लोखंड. गोदीतलं पोरगंही हे पहिल्या वर्षी शिकतं. ते खरेदीच्या टेबलावर कळायला हवं.”

“टेबलावर एल-वन कळतो, मामा. सगळ्यात कमी दर ज्याचा, त्याला ऑर्डर. वरचा दर घेतला तर ऑडिटवाला माझ्याकडेच संशयाने बघतो. केंद्र सरकारने २०२१ मध्ये काही कामांसाठी गुणवत्तेला गुण द्यायची मुभा दिली, तीही जास्तीत जास्त ३० टक्क्यांपर्यंत. बाकी दरच बोलतो.”

“एल-वनला कशाला शिव्या घालतेस? दहा जणांनी तीच वस्तू देऊ केली आणि त्यातला एक स्वस्त देतो, तर त्याच्याकडूनच घ्यावी. तुझ्या तक्त्यात ३०४ चा दर ३१६ च्या शेजारी बसलाच कसा? त्या दोन वेगळ्या वस्तू. त्यांची तुलना केलीस तिथेच चुकीचं गणित सुरू झालं.”

हे मला पटलं. आमच्या तुलनातक्त्यात ‘वर्णन’ या रकान्यात फक्त ‘एसएस बोल्ट’ असतं आणि दराचा रकाना पैशापर्यंत अचूक असतो. वर्षअखेरीला बचतीचा आकडा माझ्या नावावर लागतो. बोल्ट सातव्या पावसाळ्यात गेला तर तोवर मी दुसऱ्या खात्यात, सप्लायर दुसऱ्या गावात. नुकसान मात्र त्या वेळी कठड्याला टेकलेल्या माणसाचं.

“त्यालाच विचार,” मामा म्हणाले. “वाचलेले पैसे तुमच्या वहीत आणि धोका त्याच्या माथी. ती बचत नाय, ती त्याच्याकडून न विचारता घेतलेली उसनवारी.”

“पण मामा, ३१६ लावून आमचा दर वर गेला की ऑर्डर दुसऱ्याकडे जाते. तो साधं लोखंड रंगवून देईल. माणूस टेकायचा तो टेकणारच, उलट अधिक वाईट कठड्याला. आणि आमच्या शेडमधले वेल्डर घरी बसतील. त्यांचा हिशेब कोणी करायचा?”

मामांनी लगेच उत्तर दिलं नाही, आणि ते मला आवडलं. या प्रश्नाला झटकन उत्तर देणारा माणूस पगाराच्या दिवशी शेडमध्ये उभा राहिलेला नसतो.

“गिऱ्हाइकाला दोन दर दे,” ते म्हणाले. “आतलं ३०४, बाहेरचं ३१६, फरक आणि कारण लिहून. आतल्यात जे वाचलं ते बाहेर घाल. कदाचित बेरीज फार वाढायचीही नाही. मग ठरवू दे त्याला.”

“आणि त्याने सगळीकडे स्वस्तातलं मागितलं तर? तो हॉटेलचा मालक. बाल्कनीत उभी राहणार पुण्याची एखादी मुलगी. तिच्या वतीने धोका पत्करायचा हक्क त्याला कोणी दिला? आणि तो ‘हो’ म्हणाला म्हणून मला कोणी दिला?”

“रंगीत जाळी, नावाची पाटी, फुलझाडांचे स्टँड : तिथे तो मागेल ते दे. जिथे माणसाचा भार येतो तिथे नको. तेवढं काम सोड.”

“सोडणं माझ्या हातात नाही. सही न करणं आहे.”

“ता तरी आसा मा?”

दुसरी एक वाट मला राजकोटनेच सुचवली. तिथे त्याच जागी नवा ६० फुटी पुतळा उभा राहिला, मे २०२५ मध्ये. त्याच्या निविदेत दहा वर्षांची देखभालही ठेकेदारावरच टाकली होती. ही अट मला जाड पोलादापेक्षाही महत्त्वाची वाटते, कारण ज्याला दहा पावसाळे तिथे यायचंय तो बोल्ट निवडताना आपणहून विचार करील. मी मामांना म्हटलं, आमच्या पीओतही घालते : बाहेरच्या फिटिंगला पाच वर्षांची हमी, दरवर्षी पावसाळ्यानंतर सप्लायरचा माणूस येऊन तपासणार.

“दर वाढवून मागेल.”

“मागू दे. मग तो वाढीव दर ३०४ च्या दरात मिळवून तुलना करीन. तेव्हा कदाचित दोघांतला फरक एवढा उरणार नाही.”

मामांनी मान डोलावली आणि पुढचं विचारलं, “माल इलो की तपासतलो कोण?”

मॉलिब्डेनम ओळखायचं एक रसायन मिळतं. स्टीलवर थेंब टाकायचा, बॅटरीचा हलका प्रवाह द्यायचा. रंग बदलला तर ३१६. आमच्या स्टोअरमध्ये ते नाही. आम्ही सप्लायरचं टेस्ट सर्टिफिकेट फाइलला लावतो आणि पेटी आत घेतो. सोमवारच्या मागणीपत्रकात मी पहिली ओळ त्या बाटलीची घातली, आणि खाली बोल्टांच्या दोन ओळी वेगळ्या केल्या. बाल्कनीच्या ओळीपुढे ‘पर्यायी ग्रेड चालणार नाही’ असं लिहिलं. वरून अजून मंजुरी आलेली नाही.