स्वमुखे उत्तर

"विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, वकिलास पैसा नाही, आमची दाद कोण मांडील?" असे अकोल्याकडील एका शेतमजुराने आम्हांस विचारिले. कैसरीयात विरोधकांनी तिर्तुल्ल नामे वकील आणिला. पौल एकटाच स्वमुखे बोलला. तरी दोन वर्षे तो बंदीतच राहिला, हे आम्ही लपवीत नाही.

नोव्हेंबर 1927 मध्ये डॉ. आंबेडकर अमरावतीस अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या परिषदेचे अध्यक्ष होते. पुढच्याच महिन्यात महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी झाले. न्यायालयाने मनाईहुकूम दिला. जमलेले हजारो लोक तो पाळून पाण्यास न शिवता परतले. ते तर बॅरिस्टर! तरी उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल 1937 साली लागला.

त्या बंधूचा अर्ज आम्ही रविवारी उपासनेनंतर लिहावयास बसणार आहो, बोलणार तोच.