माणूस नेला, पावती द्या

मी भिवंडीला लूमवर काम करतो. पाळी बारा तासांची. आजोबा परळला गिरणीत साचेखात्यात होते. १९८२ च्या संपात घरी बसले ते बसलेच. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. गेटातून तागा बाहेर गेला की त्याची पावती पाहिजे. किती कापड, कोणी नेलं, किती वाजता नेलं. पावती नाही म्हणजे चोरी.

कापडाला हा कायदा. माणसाला कोणता?

गेल्या पावसाळ्यात माझ्या आत्याच्या पोराला मुंबईत नाक्यावरून उचललं. रात्रीचे अकरा वाजलेले. ‘चौकशी आहे’ एवढंच. आत्या आणि मी रात्रभर फिरलो. पहिल्या ठाण्यात म्हणाले, इथं कोणी नाही. दुसऱ्यात म्हणाले, वही दाखवायची नसते. तिसऱ्या ठाण्यात अंमलदारानं वही उघडून दाखवली. त्यात तो नव्हता. आत्या म्हणाली, “साहेब, मग पोरगं हाय कुठं?” साहेबांनी वही मिटली.

सकाळी त्याच ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा घेत होतो. टपरीवरचा पोऱ्या उधारीची वही मालकाला वाचून दाखवत होता. रात्री आत चार चहा, आणि लॉकअपला एक वडापाव. मी विचारलं, लॉकअपला कोण? तो म्हणाला, हिरव्या शर्टातला एक पोरगा. आत्या मटकन खाली बसली. हिरवा शर्ट तिनंच घेतलेला.

दोस्तांनो, चहावाल्याच्या वहीत तो होता, सरकारच्या वहीत नव्हता. त्याची अटक ‘दाखवली’ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. मधले अठरा तास तो कुठंच नव्हता. पाठीवरचे वळ, एवढीच त्या अठरा तासांची नोंद.

आपल्या वस्तीत आई पोराला सांगते, “काय बी कर, पण पोलिसाच्या वहीत नाव येऊ देऊ नको.” ही भीती अडाणी नाही. तिला इतिहास आहे. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. माणूस जन्मला की गुन्हेगार. त्याच्या नावाची नोंद, त्याची हजेरी. सोलापूरच्या तारेच्या सेटलमेंटमधली माणसं गिरणीत राबायला जायची आणि पुन्हा तारेच्या आत यायची. म्हणजे हजेरी दोन ठिकाणी, मालकाकडे आणि सरकारकडे. हा कायदा रद्द झाला १९५२ साली, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. अशी वही पाहिलेली माणसं नोंदीला भिणार नाहीत तर काय?

मलाही तसंच वाटायचं. त्या रात्रीनंतर मी उलटा विचार करू लागलो. वहीत नाव असणं हे संकट, की नसणं?

घटना समितीत बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ ला एक नवं कलम मांडलं. आज ते बाविसावं कलम म्हणून आपल्यासमोर आहे. अटकेचं कारण सांगा. वकील भेटू द्या. आणि चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभा करा. हे चोवीस तास माणसाला हात लागल्यापासूनचे. पण आमच्याकडे घड्याळ चालू होतं नोंदीपासून. म्हणून नोंद लांबवायची. कलमाचा खून करायला बंदूक लागत नाही. वहीतली एक ओळ कोरी ठेवली तरी भागतं.

१९८६ साली पश्चिम बंगालमधल्या डी. के. बसूंनी कोठडीतल्या मृत्यूंबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या सरन्यायाधीशांना एक पत्र लिहिलं. कोर्टानं तीच याचिका मानली. डिसेंबर १९९६ ला निकाल आला. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा कागद तिथल्या तिथं झाला पाहिजे. त्यावर वेळ, तारीख, नातेवाईकाची किंवा वस्तीतल्या कुणा प्रतिष्ठित माणसाची सही. धरलेल्या माणसाचीही सही. नातेवाईकाला किंवा मित्राला कळवायचं, आणि कोणाला कळवलं तेही लिहायचं. पुढे या गोष्टी कायद्यात आल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तर अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायचं, असं कलम आहे. कलम ३७.

हे मी आत्याला वाचून दाखवलं. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, “नाव भिंतीवर? पत्त्यासकट? अन् माझ्या पोरीचं लगीन?”

मी गप्प झालो. तिचा प्रश्न माझ्या वाचनापेक्षा मोठा होता.

अमेरिकेत कित्येक ठिकाणी तुरुंगाच्या याद्या इंटरनेटवर उघड्या असतात. नाव, आरोप, जामिनाची रक्कम, बऱ्याचदा फोटोसुद्धा. आई घरबसल्या पोराला शोधू शकते. चांगली गोष्ट. पण तेच फोटो काही धंदेवाल्यांनी उचलून छापले आणि काढून टाकायला पैसे मागितले. माणूस निर्दोष सुटला तरी चेहरा लटकलेला. आपल्याकडे त्याला धंदेवाला लागत नाही. वस्तीतला एक मोबाईल पुरतो. आत्याच्या पोरावर पुढं काहीच सिद्ध झालं नाही. तरी गोदामातली नोकरी गेली. मालक म्हणाला, तुझं रेकॉर्ड आहे.

इथं आपला घोळ होतो. अटकेची नोंद म्हणजे माणसाच्या चारित्र्याचा दाखला नव्हे. ती पावती आहे. राज्यानं माणूस ताब्यात घेतला, त्याची पावती. तागा चांगला की फाटका, हे पावती सांगत नाही. कोणी नेला, कधी नेला, कुठं ठेवला, हे सांगते. म्हणजे ती नोंद नेणाऱ्याला बांधते. नेलेल्याला बांधायला ती लिहिलेलीच नाही. नोंद उघडी हवी ती पोलिसाकडे बघायला. तिनं जर आपल्याच पोराकडे बोट दाखवलं, तर ती पावती राहत नाही, डाग होते.

आपणही हा डाग लावतो, हे कबूल करा. शेजारचा पोरगा धरला की आपण पहिलं काय विचारतो? “काय केलं त्यानं?” पहिला प्रश्न असा पाहिजे: “कोणी नेला? किती वाजता?”

जेलच्या वहीतही हा डाग होता. जातीचा रकाना. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं. राज्यघटना लागू होऊन पंचाहत्तर वर्षं होत आली होती. पावतीवर नेणाऱ्याचं नाव लिहायला हात जड, आणि नेलेल्याची जात लिहायला रकाना तयार!

आता कामाचं. माणूस उचलला की पहिल्यांदा आर्थर रोडला धावू नका. तिथं माणूस जातो तो मॅजिस्ट्रेटनं न्यायालयीन कोठडी दिल्यावर. बायकांसाठी भायखळा. जागा नसली की तळोजा, ठाणे, कल्याण. त्याआधी तो कुठल्यातरी लॉकअपमध्ये असतो. ठाण्यात जा, कंट्रोल रूमला विचारा, उत्तर देणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर यायला हवा. नाजूक गुन्हे तेवढे वगळलेत. तोही बघा. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर लावा. आणि सगळीकडं ‘इथं नाही’ म्हणाले, तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस. त्याचा अर्थ साधा आहे: देह समोर आणा.

आत्या आता स्वतः एक वही ठेवते. तिला सहीपुरतंच येतं. ती सांगते, शेजारची पोरगी लिहिते. वस्तीतला कोणी नेला की नाव, वेळ, गाडीचा नंबर, ठाणं, कोणी नेला. मी वही चाळली. म्हटलं, “आत्या, गुन्हा कोणता ते का लिहीत नाहीस?”

ती म्हणाली, “ते कोर्ट लिहील, बाळा. मला पोरगं कुठं हाय ते पाहिजे.”