चित्र कोणाचे?

ब्राझीलमधील रिओ द जानेरोजवळ, ग्वानाबारा उपसागराच्या काठी, जार्डिम ग्रामाशो नावाचा अवाढव्य कचराडेपो होता. त्या ढिगाऱ्यातून प्लास्टिक, धातू, पुठ्ठा वेचून शेकडो कुटुंबे पोट भरत. साओ पाउलोच्या गरीब घरातून आलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावलेल्या विक म्युनिझ या चित्रकाराने २००८ च्या सुमारास तिथल्या वेचकांची चित्रे केली. रंगांच्या जागी होता तिथलाच टाकाऊ माल. स्टुडिओच्या जमिनीवर चेहऱ्याची भलीमोठी आकृती पाडायची, तिच्या छायांमध्ये टायर, झाकणे, बाटल्या रचायच्या आणि उंचावरून छायाचित्र घ्यायचे. रचणारे हात वेचकांचेच.

वेचकांच्या संघटनेचे नेते तियाओ सांतोस डेपोतल्याच एका न्हाणीच्या टबात बसले, दाविदच्या १७९३ च्या चित्रातील मृत मारासारखे. ते चित्र लंडनला लिलावात विकले गेले आणि पैसे संघटनेला मिळाले. म्हणजे हिशेब चोख झाला?

मला तसे वाटत नाही. लुसी वॉकर यांच्या २०१० च्या ‘वेस्ट लँड’ या माहितीपटात चित्रकाराच्या जवळच्या माणसांतच वाद होतो. काही आठवडे स्टुडिओत काम केलेल्यांना आता डेपोवर परत जावेसे वाटत नाही. ज्याला दुसरे आयुष्य दाखवले, त्याला पुन्हा ढिगाऱ्यावर सोडणे ही दया की क्रूरता? प्रश्न रास्त आहे. पण ‘त्यांना त्रास होईल, म्हणून दाखवूच नये’ या कळवळ्यात मला मालकी दिसते. मोठ्या माणसांनी काय सोसावे, हे आपण कोण ठरवणार? चित्रकाराचे देणे मात्र उरतेच. चित्राखाली सही एकाचीच राहते.

जून २०१२ मध्ये तो डेपो बंद झाला. वेचकांना नुकसानभरपाई मिळाली, पण रोजची कमाई गेली. चित्रे संग्रहालयांत राहिली.

एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सूत्रसंचालक ‘कचरा’ म्हणाला, तेव्हा तियाओंनी त्याला तिथेच दुरुस्त केले: आम्ही कचरा नव्हे, पुन्हा वापरात येणारा माल वेचतो. आपल्या कुर्ला-धारावीच्या भंगारवाल्यांनाही हे समजवावे लागणार नाही. त्यांच्या तोंडी तो ‘माल’च असतो. कचरा म्हणतो तो टाकणारा.