अंमल

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांत कुणी दारूच्या थेंबाला शिवलेलं नाही. हे मी आल्यागेल्याला सांगत असतो. सांगताना छाती फुगते, आवाज चढतो आणि समोरचा माणूस उगाच लहान दिसू लागतो. ही सगळी लक्षणं दारूवाचून कशी काय दिसतात, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडला नव्हता.

एकदा सहज कोश चाळायला बसलो, तर धुंदी, झिंग, कैफ, तार, नशा अशी शब्दांची रांगच लागली. ‘मस्त’ हा शब्द फारसी आणि त्याचा मूळ अर्थ ‘प्यायलेला’, हे वाचून तर मी दचकलोच. रोज सकाळी ‘चहा मस्त झालाय’ म्हणून मी आमच्या हिला शाबासकी देतो, ती या अर्थाने भलतीच निघाली! आमचे लातूरचे मास्तर ‘लई मस्ती आली का रे?’ असं विचारायचे, तेव्हा त्यांनी कुणाच्या तोंडाचा वास घेतल्याचं मला आठवत नाही. संस्कृतातला मद त्याच कुळातला. तो दारूचाही असतो आणि गर्वाचाही, म्हणून तर षड्रिपूंत जाऊन बसला.

पण मला अडवलं ते ‘अंमल’ या शब्दाने. अरबीत ‘अमल’ म्हणजे नुसतं काम, कृती. मराठीत येईपर्यंत त्याचे दोन संसार झाले. राज्य चालतं तो अंमल आणि भांग चढते तोही अंमलच. एका घरात अंमलदार राहतो, शेजारच्या घरात अंमली पदार्थ. आमच्या भागावर निजामाचा अंमल होता, तो १७ सप्टेंबर १९४८ ला उतरला. ‘उतरला’ हे क्रियापदसुद्धा दोन्हीकडे चालतं, पाहा!

हा सगळा कोशातला विनोद आहे, असं मी २०१६ च्या उन्हाळ्यापर्यंत समजत होतो. त्या साली लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं, पहिल्या गाडीत ५ लाख लिटर. नेमका त्याच वर्षी मी आमच्या सोसायटीचा चेअरमन होतो, आणि टँकरने भरलेल्या टाकीच्या व्हॉल्व्हची चावी माझ्या खिशात होती.

पहिल्या आठवड्यात लोक मला ‘साहेब’ म्हणू लागले. दुसऱ्या आठवड्यात शेंगदाण्याची चटणी घरपोच आली. तिसऱ्या आठवड्यात ही म्हणाली, “हल्ली तुम्ही चालताना डुलता.” मी म्हटलं, “गुडघा दुखतो.”

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक गृहस्थ राहत. रात्री पिऊन यायचे आणि वॉचमनमामांवर ओरडायचे. मामा शांतपणे म्हणायचे, “ऱ्हाऊ द्या साहेब, उतरल्यावर बोलू.” सकाळी ते गृहस्थ खाली येऊन मामांना हात जोडायचे. मी गॅलरीतून हे बघायचो आणि मनात म्हणायचो, काय ही माणसाची अवस्था!

एका संध्याकाळी मामा दुसरी घागर घेऊन नळाशी आले. लेक बाळंतपणाला आली होती. सगळ्या इमारतीदेखत मी कडाडलो, “नियम म्हणजे नियम! आज तुम्हाला दिली तर उद्या सगळे मागतील!” आणखीही बरंच बोललो. मामांनी घागर खाली ठेवली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “ऱ्हाऊ द्या साहेब. उतरल्यावर बोलू.”

मी घरी येऊन पाणी प्यालो. पाणी भरपूर होतं.

दारूचा एक मोठा गुण आहे, तिला वास येतो. बायको ओळखते, पोलीस ओळखतो, सकाळी डोकं दुखून स्वतःलाही कळतं. चावीला वास येत नाही. दुसऱ्या दिवशी मी घागर भरून पाठवली, पण हात काही जोडले नाहीत. पाऊस पडला, चावी गेली, मामाही गावी निघून गेले. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना जे रोज जमायचं, ते मला एकदाही जमलं नाही.

अजूनही आल्यागेल्याला मी घराण्याचं सांगतो. फक्त तीन पिढ्या म्हणत नाही. दोन पिढ्यांपर्यंतची खात्री देतो.