सड्याचं पाणी

जालन्याहून मंठ्याकडे निघालेली एसटी वाटूर फाट्यावर थांबली की परतूरला जाणारे प्रवासी खाली उतरतात. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम असला तर त्यांत एखादा संघ असतोच. कुणाच्या गुडघ्याला नीकॅप, कुणाच्या पायात वर्षभर झिजलेले बूट, एका मोठ्या पिशवीत सगळ्यांच्या जर्सी. सोबतचे सर उतरल्या उतरल्या प्रत्येकाकडून तिकीट मागून घेतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. प्रवासभत्त्याच्या बिलाला ती तिकिटं जोडायची असतात. एक हरवलं तरी सरांच्या खिशाला झळ बसते.

फाट्यावरच्या हॉटेलात चहा घेताना हे दृश्य मी अनेकदा पाहिलं आहे आणि दरवेळी मला त्या सरांविषयी आदर वाटला आहे. सार्वजनिक पैशाचा हिशेब असाच द्यावा लागतो. मैदानावरही सगळं मोजलेलंच असतं. गडी किती सेकंद पळाला, पंचांनी कितव्या मिनिटाला शिट्टी दिली, चषक कितीला पडला. मोजायचं राहतं ते मैदानावर शिंपडलेलं पाणी.

खो-खोचं मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद, म्हणजे 432 चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी पडलं तर ते बरोबर एक लिटर भरतं. धूळ बसावी म्हणून दोन मिलिमीटरचा हलका सडा मारला तरी 864 लिटर लागतात. दोन दिवसांची स्पर्धा आणि सकाळ-संध्याकाळ सडा धरला तर हा आकडा 3456 लिटरवर जातो. जलजीवन मिशनने खेड्यातल्या माणसासाठी ठरवलेलं माप दिवसाला 55 लिटर आहे. म्हणजे एका छोट्या मैदानावरच्या दोन दिवसांच्या सड्यात बासष्ट माणसांचं एका दिवसाचं पाणी जमिनीत जातं. पिण्याचे जार, हातपाय धुणं, भोजन, रोलर फिरवण्याआधी भिजवलेली माती हे सगळं वेगळंच.

सडा बंद करा असं मी म्हणणार नाही. कोरड्या मैदानावर पाठलाग करणाऱ्या मुलीच्या नाकातोंडात धूळ जाते, सूर मारणाऱ्याचे कोपर सोलून निघतात. खेळाडूला पाणी हवंच. मात्र ते कोणतं पाणी, हा प्रश्न मराठवाड्यातल्या मैदानावर विचारावाच लागेल. माझी आजी टंचाईच्या दिवसांत न्हाणीतलं हातपाय धुतलेलं पाणी मोरीला जाऊ देत नसे. बादलीत धरून ठेवायची आणि पहाटे त्याचाच अंगणात सडा घालायची. हौदातलं चांगलं पाणी अंगणात ओतणं तिला पाप वाटायचं. ती शाळेत गेलेली नव्हती.

खेळाचं पाणी आणि माणसाचं पाणी यांचा सामना महाराष्ट्राने 2016 साली उघडपणे पाहिला. 12 एप्रिलला मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. खेळपट्ट्यांसाठी सुमारे साठ लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा न्यायालयासमोर आला होता. लातूरला आली तशा बारा रेल्वेगाड्या होतात. मुंबई-पुण्याच्या मैदानांसाठी रेसकोर्सवरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरू, असं क्रिकेट मंडळाने सांगितलं खरं, पण प्रश्न न्यायालयात गेल्यावर सांगितलं. पर्याय आधीपासून हाताशी होता. कुणी विचारलं नव्हतं म्हणून तो कुणी शोधला नव्हता.

तो निकाल वाचून आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. कोट्यवधींचा खेळ, बडे लोक, त्यांना चांगलाच धडा मिळाला. तोच प्रश्न तालुक्याच्या महाविद्यालयाला, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला, गावच्या चषकाला विचारायचं मात्र आपल्याला सुचलं नाही. आकडा लहान असला की नीतीचा प्रश्नही लहान होतो, असा आपला समज आहे. तो मला पटत नाही. ज्या विहिरीत तीनच फूट पाणी उरलं आहे, तिच्यातून काढलेल्या एका टँकरला मोठ्या धरणातल्या शंभर टँकरांचं वजन असतं.

मागे एकदा याच भागातल्या एका मैदानावर स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाण्याचा योग आला. फक्कीच्या रेषा अजून पांढऱ्या होत्या. मैदानभर पाण्याचे फाटके पाऊच, चहाचे कप, द्रोण, पत्रावळ्या. स्वागताचा फ्लेक्स वाऱ्याने सुटून कुंपणाच्या बाभळीत अडकला होता. एक बाई एकटीच खराट्याने ढीग करत होत्या. मी विचारलं, हे कुठं जाणार? त्या म्हणाल्या, “कुठं न्यावं दादा, हितंच पेटवायचं.” आणि त्यांनी खरोखरच ढीग पेटवला. प्लास्टिक आणि फ्लेक्स जळतानाचा तो विषारी धूर पदर नाकाला लावून त्या एकट्या घेत राहिल्या. पाहुणे संघ तोवर घरी पोहोचले होते. चषकांबरोबरचे फोटो मोबाइलवर फिरत होते.

त्या दिवसापासून खिलाडूवृत्ती हा शब्द मी सहज वापरू शकत नाही. कबड्डीत पंचाला दिसलं नाही तरी स्पर्श झालेला गडी आपणहून बाहेर जातो, तेव्हा प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ही टाळी खेळातली सर्वांत मोलाची टाळी आहे. शिट्टी वाजलेली नसते, तरी तो जातो. मैदान सोडताना हेच का आठवू नये? शंभरहून अधिक माणसं जमवणाऱ्या आयोजकाने आधी कळवावं आणि कचरा जागेवरच वेगळा करावा, असं 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितलं. पण ते नियम मुख्यतः शहरांसाठी होते, खेड्यातल्या मैदानावर त्यांची शिट्टी ऐकू येत नव्हती. म्हणूनच इथे आपणहून बाहेर जाणाऱ्या गड्याची गरज आहे.

अशा एका गड्याचं उदाहरण जवळच आहे. पुण्यात शिकत असताना क्रिकेट खेळणारा एक तरुण 1990 च्या सुमारास नगर जिल्ह्यातल्या आपल्या गावी सरपंच झाला. ते पोपटराव पवार आणि ते गाव हिवरे बाजार. 2020 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केलेल्या कामांत पाण्याचा ताळेबंद मला सर्वांत मोठा वाटतो. पावसाळा संपला की पाऊस किती पडला आणि विहिरींत किती पाणी आहे हे मोजायचं. माणसांना किती, जनावरांना किती, उरलेल्यात कोणतं पीक, हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरवायचं. पाऊस कमी असेल तर पीक बदलायचं. आपल्या जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनेही विजयअण्णा बोराडे यांच्या मार्गदर्शनाखाली पाणलोटाचं काम करून असंच आपलं नशीब पालटलं. पावसाळी ढगांवर त्यांचं नियंत्रण नव्हतं. पडलेल्या थेंबाचा हिशेब मात्र त्यांनी सोडला नाही.

हाच ताळेबंद महाविद्यालयाच्या क्रीडा विभागात का येऊ नये? इमारतीचं छत पाचशे चौरस मीटर आणि पाऊस सहाशे मिलिमीटर धरला, तर छतावर तीन लाख लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दोन लाख चाळीस हजार उरतात. वर मांडलेल्या हिशेबाने जवळजवळ सत्तर स्पर्धांचं सड्याचं पाणी. एवढी टाकी बांधणं कुणाला परवडणार नाही, हे मलाही कळतं. दहा-वीस हजार लिटर साठवा, बाकीचं बोअरच्या पुनर्भरणाला सोडा. वसतिगृहाच्या न्हाणीतलं पाणी गाळून मैदानाला द्या. संघांनी आपल्या बाटल्या आणाव्यात, आयोजकांनी नळाच्या टाक्या ठेवाव्यात. सत्काराला शाल-श्रीफळ नको, तारीख नसलेलं एकच कापडी बॅनर दहा वर्षं वापरा. आणि स्पर्धांचे गट असे पाडा की जवळच्या संघांना लांब जावं लागू नये. कोणत्याही स्पर्धेचा पर्यावरणावर पडणारा सर्वांत मोठा भार बहुधा प्रवासाचाच असतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने 2008 पासून आपल्या फुटबॉल मैदानातला कचरा पुनर्वापराकडे आणि खताकडे वळवायला सुरुवात केली. त्यांच्याकडे पैसा आहे, यंत्रणा आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आहेत. आणि टंचाईत वाढल्यामुळे पाण्याची किंमत त्यांना कुणी शिकवावी लागत नाही. मैदानाच्या चार कोपऱ्यांवर चार पोती आणि चार मुलं उभी राहिली, तर त्या बाईंना धूर घ्यावा लागणार नाही.

क्रीडा संचालकांना माझी हात जोडून विनंती आहे. या हंगामात स्पर्धेच्या अहवालाला तिकिटांसारखंच आणखी एक पान जोडा. पाणी किती लागलं, कुठून आणलं. कचरा किती निघाला, कुठे गेला. वाटूर फाट्यावर तिकिटं गोळा करणाऱ्या माणसाला हे मुळीच जड नाही. ते पान मला पाठवा, आकडे कमी असोत वा जास्त. मी ते याच जागी छापीन.